सिबिल काढशील तेव्हा

तुझं बँकेतलं खातं शाळेत असल्यापासूनचं, बाबांनी स्कॉलरशिपसाठी उघडलेलं. म्हणून गृहकर्जाच्या वेळी सिबिल चांगलं येईल, असं तू परवा म्हणालीस. तसं नसतं गं. ते खातं सिबिलच्या रिपोर्टात दिसणारच नाही. त्यात चार हजार असोत की चाळीस लाख, रिपोर्टाला त्याची फिकीर नसते. सेव्हिंग, एफडी, आरडी, पीपीएफ, पोस्टातली मासिक योजना, काहीही तिथे नोंदवलं जात नाही. तिथे लिहिली जाते ती फक्त उधारी: कर्ज, क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट, सोनेतारण, हप्त्यावर घेतलेला फ्रिज, आणि दुसऱ्याच्या कर्जाला दिलेली जामीनकी.

हा समज तुम्हा मुलांना आमच्याच पिढीनं दिला, आणि आमच्या काळात तो खराही होता. मी बँकेच्या कर्ज विभागात लागले तेव्हा अर्ज आला की साहेब आधी लेजर मागवायचे. खातं किती जुनं, शिल्लक किती राहते, चेक कधी परत गेलाय का, एवढं बघून निम्मा निर्णय व्हायचा. माणूस दुसऱ्या बँकेचा असला तर त्या शाखेला पत्र लिहून मत मागवायचं. त्याला ओपिनियन रिपोर्ट म्हणायचे, आणि तो बहुधा दोन गुळमुळीत ओळींत यायचा. तेव्हा जुनं खातं हीच पत होती. मग २००० साली सिबिल कंपनी निघाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि पत मोजायची जागाच बदलली. आता अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेनं २०१५ साली सगळ्या बँकांना चौघींचंही सभासद व्हायला लावलं. लोक चौघींना सिबिलच म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

जुन्या सेव्हिंग खात्याचा काहीच उपयोग नाही असंही नाही. कर्ज तीच बँक देणार असेल तर तुझा पगार कसा येतो, महिनाअखेरीला काय उरतं, हे तिला घरबसल्या दिसतं, आणि व्याजावर घासाघीस करायला तुला जोर येतो. पण तो उपयोग त्या बँकेच्या चार भिंतींपुरता. त्याच खात्यावर किंवा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेतलास, तर मात्र तो रिपोर्टात येतो.

आणखी एक. तुझ्या बाबांनी जन्मभर नोकरदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि एक हप्ता चुकवला नाही. त्यांच्या रिपोर्टात त्यातलं अक्षर सापडायचं नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही, आणि तिची कर्जं सहसा सिबिलपर्यंत पोचत नाहीत. नागरी सहकारी बँकेची पोचतात. म्हणून नीट वागलेल्या माणसाचाही रिपोर्ट कोरा निघू शकतो. कोरा म्हणजे वाईट नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ मागचा इतिहास नाही म्हणून परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलेलं आहे. शाखेत कुणी नुसतं ‘सिबिल नाही’ म्हणून हात वर केले, तर हे शांतपणे ऐकव आणि नकार लेखी माग.

आता जुन्या कार्डाकडे ये. पहिल्या नोकरीत घेतलेलं, कमी लिमिटचं, कपाटात पडलेलं ते कार्ड तुला बंद करायचंय. थांब जरा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये फिरतो, आणि तो ठरवताना तू किती वर्षं उधारी नीट सांभाळतेयस हेही बघतात. तुझ्याकडे सगळ्यात जुना पुरावा त्या कार्डाचाच आहे. शिवाय ते बंद केलंस की एकूण लिमिट कमी होतं, आणि खर्च तेवढाच असला तरी लिमिटच्या मानानं तो जास्त दिसायला लागतो. त्यावर अधूनमधून लाइट बिल भर आणि पैसे वेळेत चुकते कर. वर्षभर कार्ड वापरलंच नाहीस तर कंपनी तुला कळवून ते बंद करू शकते, तसा नियमच आहे. वार्षिक फी भरमसाट असेल तर बिनफीचं करून द्या म्हण. तेही ऐकत नसतील तर दे सोडून. स्कोअरच्या पाच-दहा गुणांसाठी दरसाल हजारो रुपये मोजत बसणं मला काही पटत नाही.

सोडायचं ठरलंच तर लेखी कळव. थकबाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पुढे उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुला मिळायला हवेत. कार्ड कात्रीनं कापलं म्हणजे खातं बंद झालं, असं मात्र समजू नकोस. शिकलेसवरलेले लोकही कार्डाचे तुकडे करून निर्धास्त झालेले मी बघितलेत, आणि पुढे दोन वर्षांनी फीवर चढलेल्या व्याजाची थकबाकी घेऊन आमच्या टेबलाशी आले.

रिपोर्ट हातात आला की सगळे आधी स्कोअर बघतात. तू खात्यांची पानं उघड. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची उतरंड असते, जास्तीत जास्त ३६ महिन्यांची. हप्ता किती दिवस उशिरा गेला तो आकडा तिथे असतो. ‘०००’ म्हणजे वेळेवर. तीन फुल्यांसारखी ‘एक्सएक्सएक्स’ अक्षरं दिसली तर घाबरू नकोस, त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवली नाही एवढंच. मग बघ ‘खातं बंद झाल्याची तारीख’. फेडलेल्या कर्जापुढे ती जागा रिकामी असेल तर सिबिलच्या लेखी ते कर्ज अजून जिवंत आहे, आणि नवी बँक त्याचाही हप्ता तुझ्या पगारातून वजा करून हिशोब मांडेल. बहुतेक वेळा शेवटच्या हप्त्यातले काही रुपये राहिलेले असतात, नाहीतर माहिती कळवायची राहिलेली असते. म्हणून कर्ज नील झाल्याचा दाखला, आपण ज्याला नो ड्यूज म्हणतो, तो घेतल्याशिवाय शाखेबाहेर पडू नये. घर तारण असेल तर मूळ कागद कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आणि बोजा उतरवून घ्यायला विसरू नकोस, ते काम वेगळं.

‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ या दोन शेऱ्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. वसुलीवाला गोड बोलून म्हणतो, ऐंशी हजारांचे पन्नास भरा आणि मिटवून टाका. मिटतं ते त्याचं टार्गेट. तुझ्या नावापुढे ‘सेटल्ड’ लागतं, म्हणजे बँकेनं पाणी सोडलं असा त्याचा अर्थ, आणि पुढचा कर्जदाता ते वाचून कपाळाला आठ्या घालतो. या कंपन्यांना माहिती निदान सात वर्षं ठेवावी लागते. चांगलं बंद झालेलं खातंही तेवढंच टिकतं, आणि ते टिकावंच. बंद खाती काढून टाका म्हणून अर्ज करणारे लोक असतात. ते आपल्याच हातानं आपलं प्रशस्तिपत्र फाडत असतात.

बँकेचं नाव अनोळखी वाटलं तर लगेच बोंब ठोकू नकोस. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. २०२३ च्या जुलैत एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत मिळाली. तेव्हा तुझं जुनं कर्ज नव्या नावानं दिसणारच. तपासायचं ते असं की खातं उघडल्याची तारीख मूळचीच राहिलीय का, आणि एकच कर्ज जुन्या व नव्या अशा दोन नंबरांनी दोनदा तर लागलेलं नाही ना.

आता पत्त्यांकडे येते. तुझी खरी धास्ती तीच दिसतेय, चार घरं बदलली म्हणून.

तू आजवर जिथे जिथे कर्ज किंवा कार्ड मागितलंस, तिथे फॉर्मवर जो पत्ता लिहिलास तो त्या बँकेनं पुढे कळवला. रिपोर्टात पत्ता आपणहून कुणी शोधून घालत नाही; तो तुझ्याच सहीच्या फॉर्मवरून गेलेला असतो. सिबिलच्या रिपोर्टात असे चार पत्ते असू शकतात. प्रत्येकापुढे कायमचा, राहता की ऑफिसचा अशी वर्गवारी असते आणि तो कधी कळवला गेला त्याची तारीख असते. त्यामुळे हॉस्टेलची खोली, लग्नाआधीचं माहेर, लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेला फ्लॅट, सगळे तिथे शेजारी शेजारी नांदतात. स्कोअरवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. चाळीत राहणाऱ्याला कमी आणि टॉवरवाल्याला जास्त, असं त्या गणितात नसतं. जुना पत्ता पुसून घ्यायच्या मागे लागू नकोस. तू तिथे राहत होतीस हे खरं आहे, आणि खरी नोंद कुणी का काढावी?

आपल्याकडे एकाच घराला तीन चेहरे असतात, ही आणखी एक गंमत. एका फॉर्मवर ‘खोली नं. १२, दुसरा मजला’, दुसऱ्यावर ‘१२/बी’, तिसऱ्यावर नुसतं सोसायटीचं नाव. चाळ पाडून इमारत झाली की जागा तीच आणि पत्ता नवा. त्यात गावांची नावं बदललेली: औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. संगणकाला ही दोन वेगळी गावं वाटतात. तुझ्या सासरचा पत्ता दोन ओळींत दोन नावांनी दिसला तर तो याच पोटी. एकदा एक लिखाण ठरव, आधारवर जसं आहे अक्षरशः तसंच, आणि यापुढे प्रत्येक फॉर्मवर तेच लिही, पिनकोडासकट.

काळजी करायची ती वेगळ्या पत्त्याची. जिथे तू कधीच राहिली नाहीस, ज्या गावात पाऊलही टाकलं नाहीस, तो पत्ता दिसला की खडबडून जागी हो. त्याची बहुधा दोनच कारणं असतात. एक, कुणीतरी तुझ्या पॅनवर कर्ज उचललंय. मग त्या पत्त्याच्या तारखेच्या आसपासचं खातं किंवा चौकशी शोध, रिपोर्टाच्या शेवटी चौकशांची यादी असते. अनोळखी मोबाइल नंबर सोबत असेल तर शंका पक्की समज. त्या कर्जदात्याला लेखी कळव, सिबिलकडे हरकत नोंदव आणि पोलिसांत तक्रार दे. फोनवर बोलून गप्प बसू नकोस.

दुसरं कारण म्हणजे सरमिसळ, आणि ती आपल्याकडे जास्त होते. पाटील, जाधव, शिंदे एका गावात किती? वडिलांचं नावही तेच असलेले दोघे सहज निघतात. वर जन्मतारीख १ जून. पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहून दिली, त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. नाव तेच, तारीख तीच, गाव तेच, आणि जुन्या कर्जाला पॅन जोडलेलं नाही, मग एकाची थकबाकी दुसऱ्याच्या रिपोर्टात जाऊन बसते. तुझ्या सासऱ्यांचा रिपोर्ट काढशील तेव्हा हे आधी बघ. आणि तुझ्या बाबतीत नावाचं: पॅनवर माहेरचं, आधारवर सासरचं, पासपोर्टवर दोन्ही, असं ठेवू नकोस. नाव बदल किंवा बदलू नको, त्यात मी पडणार नाही. पण एक काय ते सगळीकडे सारखं असू दे, नाहीतर तुझा अर्धा इतिहास एका नावाखाली आणि अर्धा दुसऱ्या नावाखाली विखुरतो.

रिपोर्टातला जुना पत्ता निरुपद्रवी, पण चालू कर्जाच्या खात्यातला जुना पत्ता नाही. या दोन गोष्टी लोक एक समजतात. चालू खात्यातला पत्ता म्हणजे नोटीस जाण्याची जागा. हप्ते ९० दिवसांवर थकले की खातं थकीत, म्हणजे एनपीए, ठरतं; मग तारणावर सरफेसी कायद्याची नोटीस निघते आणि तिथून ६० दिवस मोजले जातात. चेक परत गेला तर नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला अवघे १५ दिवस. तू दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पत्र गेलं की ते तुला पोचलं असंच कायदा साधारणपणे धरून चालतो. तू तिथून दोन वर्षांपूर्वीच निघालीस हे सिद्ध करत बसायचं काम मग तुझं. घर बदललं की दुधवाल्याच्या आधी बँकांना सांग. सेव्हिंगला पत्ता बदलला म्हणजे कार्डाला आणि गृहकर्जाला आपोआप बदलला असं धरू नकोस, विशेषतः कर्ज वेगळ्या कंपनीचं असेल तर. केवायसी नव्यानं करताना फक्त पत्ता बदललेला असेल तर तुझं स्वतःचं निवेदन चालतं. बँक दोन महिन्यांत त्याची खातरजमा करते. प्रत्येक ठिकाणची पोच ठेव.

जामीनकीचं एका वाक्यात सांगते. तुझ्या नवऱ्यानं मित्राच्या कर्जावर सही केलेली असेल तर ते खातं त्याच्याही रिपोर्टात आहे, मित्रानं हप्ता थकवला तर डाग तुझ्या नवऱ्याच्याही नावाला लागतो, आणि गृहकर्जाला तुम्ही दोघं सहकर्जदार असाल म्हणून बँक दोघांचाही रिपोर्ट बघणार आहे.

तुझा आतेभाऊ इंग्लंडला गेला तेव्हा त्यालाही वाटलं होतं, इथला चांगला स्कोअर तिथे उपयोगी पडेल. पडत नाही, तिथे शून्यापासून सुरुवात. गंमत म्हणजे तिथे आपल्या उलट चालतं. साधं चालू खातंसुद्धा त्यांच्या रिपोर्टात येतं, आणि जुन्या पत्त्यांना फार महत्त्व. कर्जदाते मागच्या काही वर्षांचे सगळे पत्ते विचारतात आणि मतदारयादीशी ताडून बघतात. भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधला म्हणून तिथे रीतसर राहणाऱ्याला मतदारयादीत नाव घालता येतं. त्यानं ते घातलं आणि पुढची कामं सोपी झाली. तेव्हा तिकडच्या कुणी इंटरनेटवर लिहिलेला सल्ला इथे लावू नकोस, आणि माझा त्याला पाठवू नकोस.

रिपोर्ट फुकट मिळतो. चारही कंपन्यांनी प्रत्येकी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. थेट कंपनीच्या साइटवरून काढ. कर्ज विकणाऱ्या अ‍ॅपवर मोफत सिबिलच्या नादानं मोबाइल नंबर दिलास तर महिनाभर फोन येत राहतील. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. होतो तो एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकल्यानं. चौघींचे रिपोर्ट काढ, कारण बँक कुणाचा बघेल ते आपल्याला सांगत नाही, आणि एकीकडची चूक दुसरीकडे असेलच असं नाही. २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे आज फेडलेलं कर्ज उद्या बंद दिसलं नाही तर महिनाभर धीर धर.

त्यानंतरही चूक राहिली तर कंपनीच्या साइटवर हरकत नोंदव. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही, ती बँकेला विचारते. बँकेला २१ दिवस, सगळं मिळून ३० दिवस. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुझ्या खात्यात यायला हवी. तरी काम नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही, चौकशीसाठी १४४४८ वर फोन लागतो. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नकोस. तो जे करतो ते हेच, तुझ्याच लॉगिननं.

अर्ज टाकायला अजून दोन-तीन महिने आहेत म्हणतेस, तर रिपोर्ट आत्ताच काढ. आला की मला पाठव. पॅन आणि खाते नंबर मात्र झाकून पाठव, आत्या असले म्हणून काय झालं. पत्त्यांचं पान तेवढं झाकू नकोस, मला आधी तेच बघायचंय.